चढणीच्या माशाला वाट द्या



मृग नक्षत्र आठ-दहा दिवसांवर आलंय. कुणाची नांगरट उरकली असेल, कुणाची भाताचा राब भाजून झाला असेल, कुणाच्या पत्र्यावर अजून कुरडया वाळत असतील. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आज मी माशांबद्दल बोलणार आहे. ज्यांच्या घरी माळ आहे, ज्या मासे खात नाहीत, त्यांनीही रेडिओ बंद करू नका. मला मासा शिजवायचा कसा हे सांगायचं नाही. त्याला वाट कशी द्यायची हे सांगायचंय.

माझं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगराच्या पायथ्याचं. सासर त्याच खोऱ्यात थोडं खाली, प्रवरेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठावर. लहानपणी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की रात्री कुणीतरी आळीतून ओरडत जायचं, “मासे चढले!” मग झोप कुठली? पुरुष माणसं बत्ती घेऊन ओढ्यात, आणि आम्ही पोरी आईबरोबर भातखाचराच्या कडेला. आई जुन्या लुगड्याचं एक टोक धरायची, दुसरं माझ्या हातात. पाणी बांधावरून खाली पडत असायचं आणि मासे त्या पडत्या पाण्यावरून वर उड्या मारायचे. मळे, शिंगटी, वाम, कधी एखादी मरळ. पडत्या पाण्याखाली लुगडं धरलं की उडी चुकलेला मासा आपोआप झोळीत. सकाळी घरोघर कालवणाचा वास. त्या दिवसांत मासा कापला की पोटात पिवळी अंडी भरलेली. आई म्हणायची, “पोरींनो, हे पौष्टिक असतं, खा.” आम्ही खायचो.

मासा चढतो का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. मला ते फार उशिरा कळलं. उन्हाळ्यात नदी-ओढे आटतात, मासे डोहात तग धरून राहतात. पहिला पूर आला की गढूळ, गार, नवं पाणी वरून येतं. ते पाणी लागलं की मादीला कळतं, वेळ झाली. मग ती प्रवाहाच्या उलट निघते. मोठ्या नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भाताच्या खाचरात. तिथे पाणी उथळ असतं, गवत असतं, मोठे मासे पिल्लांना खायला नसतात. तिथे ती अंडी घालते. पाऊस ओसरायला लागला की पिल्लं पाण्याबरोबर पुन्हा खाली नदीत उतरतात. म्हणजे चढणीचा मासा हा बाळंतपणाला निघालेला मासा. आणि आम्ही नेमक्या त्याच दिवशी त्याच्या वाटेत लुगडं धरून उभ्या.

तरी तेव्हा मासे संपले नाहीत. कारण ओढा मोकळा होता. दहा धरले तर पन्नास निसटायचे.

मग आमच्या गावाखाली बंधारा झाला. कोल्हापुरी बंधारा, आपण ज्याला केटी म्हणतो. मी बंधाऱ्याच्या विरोधात बोलत नाही हं. त्या बंधाऱ्याने आमच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहू लागलं. हंड्याची खेप वाचली ती माझीच. पण चार-पाच वर्षांत गावात बोलणं सुरू झालं, “पूर्वीसारखा मासा राहिला नाही.” कुणी पावसाला दोष द्यायचं, कुणी कलियुगाला. बंधाऱ्याकडे कुणाचं बोट गेलं नाही. माझंही नाही. ते कळायला मला सातासमुद्रापार जावं लागलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी लेक आणि जावई अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरात असतात. लेकीला दिवस गेले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण इतका लांबचा प्रवास तिला नको असं डॉक्टरांनी सांगितलं. मग म्हटलं, लेक माहेरी येत नाही तर माहेरच लेकीकडे जाईल. डिंक, हळीव, खोबरं बांधलं आणि मी निघाले. बचत गटातल्या बायका सोडायला फाट्यापर्यंत आल्या होत्या.

जुलैचा महिना होता. लेकीला रोज चालायला सांगितलं होतं. एका रविवारी जावई म्हणाले, “आई, चला, तुम्हाला मासे दाखवतो.” मला वाटलं बाजारात नेतील. नेलं एका बंधाऱ्यावर.

त्या शहरात एक मोठं गोड्या पाण्याचं तळं आहे, लेक वॉशिंग्टन. एका बाजूला समुद्राची खाडी. तळ्याचं पाणी उंचावर, समुद्राचं खाली. दोघांच्या मध्ये त्यांनी कालवा काढला आणि बॅलार्ड नावाच्या भागात बोटींसाठी दारं बांधली. १९१७ साली त्याचा सोहळा झाला. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं, की बोट वर चढते. पण बोटीसाठी दार केलं, तर माशाने काय करायचं? म्हणून बंधाऱ्याच्या कडेला माशांसाठी पायऱ्या केल्या. जुन्या पायऱ्या बदलून १९७६ साली नव्या बांधल्या, त्या २१ आहेत.

पायऱ्या म्हणजे आपल्या घाटाच्या पायऱ्या नव्हेत. सिमेंटचे छोटे छोटे हौद एकापुढे एक. प्रत्येक हौद आधीच्यापेक्षा साधारण फूटभर उंच. वरच्या हौदातलं पाणी खालच्यात पडतं, त्यातलं आणखी खालच्यात. मधल्या भिंतीत खालून एक भोकही ठेवलेलं असतं. मासा वाटलं तर उडी मारून वर जातो, वाटलं तर भोकातून. दमला तर हौदात थांबतो. आणि अगदी खाली, पहिल्या पायरीशी, पाण्याचा जोर मुद्दाम जास्त ठेवतात. मासा जोराच्या पाण्याकडे तोंड करतो हे त्यांना ठाऊक आहे. तो जोर लागला की माशाला कळतं, वाट इकडे आहे.

तिथे जमिनीखाली एक खोली आहे. भिंतीला जाड काचा. काचेपलीकडे त्याच पायऱ्यांचं हिरवट पाणी. आम्ही आत गेलो आणि मी जागच्या जागी थांबले. हातभर लांबीचे चंदेरी मासे, दहा, वीस, पाण्याच्या जोराला तोंड देऊन एका जागी उभे. शेपटी हलतेय, पण मासा पुढे नाही की मागे नाही. मग एकदम एक झटका आणि मासा वरच्या पायरीत. एकीच्या पाठीवर लांब ओरखडा होता. जावई म्हणाले, बाहेर खाडीत सील नावाचे प्राणी टपून बसतात, त्यांच्या तावडीतून सुटून आली असेल.

तो मासा सॅमन. आपल्याकडे बाजारात काही जण रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण हा वेगळा. याचा जन्म डोंगरातल्या गार ओढ्यात, वाळू-गोट्यांत होतो. पिल्लं मोठी होऊन नदीतून समुद्रात जातात. तिथे काही वर्षं काढतात. आणि अंडी घालायची वेळ झाली की ज्या ओढ्यात जन्म झाला, बहुतेक वेळा त्याच ओढ्याकडे परत येतात. त्या पाण्याचा वास त्यांच्या लक्षात राहिलेला असतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणं बंद. अंगात साठवलेल्या चरबीवर चढत जायचं. वर पोचल्यावर मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते, वरून गोटे ओढते. आणि थोड्या दिवसांत मरते. नरही मरतो.

हे सगळं जावई भिंतीवरच्या पाट्या वाचून मला सांगत होते. लेक पोटावर एक हात ठेवून काचेला चिकटून उभी होती. म्हणाली, “आई, बघ ना, ही माहेरी निघालीय.” मला काही बोलता आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आईचं लुगडं आलं आणि त्यात तडफडणारी शिंगटी.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या लोकांचं काय बाई, सगळंच छान. तसंही नाही. तो कालवा काढला तेव्हा, १९१६ साली, तळ्याचं पाणी सुमारे नऊ फूट खाली गेलं. त्या तळ्यातून ब्लॅक रिव्हर नावाची नदी निघत होती. ती त्या वर्षी कोरडी पडली. तिच्यातले मासे गेले आणि तिच्या काठावर पिढ्यान् पिढ्या मासे धरून राहणाऱ्या मूळच्या लोकांचं जगणं गेलं. त्या लोकांशी सरकारने आधी करार केले होते की तुमचा मासेमारीचा हक्क राहील. तो हक्क मिळवायला त्यांना कोर्टात जावं लागलं. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर त्या जमातींचा हक्क आहे. आज त्या जमातींची माणसं आणि सरकारची माणसं मिळून या पायऱ्यांवर चढणारा मासा मोजतात. आधी मोजतात आणि मग ठरवतात की यंदा किती धरायचे. मोजणीत मासा कमी भरला तर धरायचं बंद. तळ्यातला सॉकाय जातीचा सॅमन सगळ्या हौशी लोकांना धरायला शेवटचं खुलं केलं ते २००६ साली. त्यानंतर वर्षामागून वर्षं परवानगी मिळाली नाही. कारण पायऱ्या असूनही मासा घटला. उन्हाळ्यात कालव्याचं पाणी तापतं, टपून बसलेले प्राणी आहेत, आणखीही कारणं आहेत. म्हणजे नुसत्या पायऱ्या बांधून भागत नाही, हेही मी तिथेच शिकले.

ऑगस्टमध्ये नातू झाला. दिवाळीच्या आत मी परत आले. एसटीतून उतरले तर रस्त्यात आमचा बंधारा. तोवर मी त्याच्यावरून शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी थांबून नीट बघितलं.

आपल्या प्रवरेचाच विचार करा. रतनगडाच्या बाजूला उगम. लगेच भंडारदऱ्याचं धरण, १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं. त्याखाली निळवंडे. मग संगमनेरजवळ ओझरचा बंधारा. मग केटीमागून केटी. असं करत करत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला ती गोदावरीला मिळते, आणि तिथे पैठणच्या नाथसागराचा फुगवटा येऊन टेकतो. आता नाथसागरातल्या एखाद्या मादीने ठरवलं की वर अकोल्याकडे जाऊन अंडी घालू, तर तिच्या वाटेत किती भिंती, तुम्हीच मोजा. धरणात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज आणून सोडतात, त्यावर पुष्कळ घरं चालतात, चांगलंच आहे. पण ते विकत आणलेलं बीज. नदीने स्वतः जपलेले मळे, वाम, शिंगटी यांचं बीज कुणी आणून सोडत नाही. त्यांना चढायलाच लागतं.

आणि हे फक्त आपलंच नाही. बंगालात गंगेवर फराक्का बंधारा १९७५ साली सुरू झाला. त्याआधी समुद्रातला हिल्सा मासा गंगेतून पार अलाहाबादेपर्यंत यायचा. बंधारा झाल्यावर वरच्या बाजूच्या कोळ्यांच्या जाळ्यात तो येईनासाच झाला.

मग आपल्याकडे असे जिने का नाहीत, असं मी एका जाणत्या माणसाला विचारलं. ते म्हणाले, “ताई, भंडारदऱ्याची भिंत सुमारे ८२ मीटर उंच. तिथे आपला मळ्या किती पायऱ्या चढेल? पण तुमचा केटी तर दोन पुरुषही उंच नाही. आणि त्याला जिना आधीच ठेवलेला आहे. तुम्ही तो उघडत नाही एवढंच.”

मी म्हटलं, कुठाय जिना?

ते म्हणाले, “ढापे.”

मैत्रिणींनो, केटीला ढापे असतात हे आपल्याला माहीत आहे. पावसाळा संपताना, ऑक्टोबरात ढापे टाकायचे आणि पाणी अडवायचं. पावसाळ्याआधी सगळे ढापे काढून ठेवायचे, म्हणजे पूर मधून मोकळा जातो. बंधाऱ्याची रचनाच तशी आहे. पण किती गावांत ढापे वेळेवर निघतात? आमच्याकडे निघत नव्हते. गंजून बसलेले, काढायला माणसं लागतात, पैसे कोण देणार, जाऊ द्या. मृगाचा पूर यायचा आणि ढाप्यांवर आदळायचा. खालून आलेला मासा ढाप्यांशी अडायचा. आणि तिथेच आम्ही पाट्या, जाळी घेऊन उभे. दहा धरले की पन्नास निसटायचे ते दिवस गेले. आता सगळेच्या सगळे एका जागी कोंडलेले. बोरात गाडी अडवून लुटावी तशी आमची मासेमारी झाली होती.

गटाच्या बैठकीत मी हे मांडलं. वाटलं होतं सगळ्या हो म्हणतील. एक आक्का आहेत, नवरा नाही, जमीन नाही. त्या पहिल्या पावसात मासे धरून बाजारात विकतात. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुझी लेक अमेरिकेत. तुला माशाचं बाळंतपण सुचतं. माझ्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्या आठ दिवसांत निघतात. ते तू देशील का?”

मला उत्तर नव्हतं. खोटं कशाला सांगू? त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. जी बाई चढणीच्या माशावर जगते तिला नुसतं “धरू नको” म्हणणं सोपं आहे. पण मासाच संपला तर सगळ्यात आधी उपाशी राहणार तीही आक्काच. पुढच्या बैठकीत आम्ही दोन्ही बाजू धरून बोललो. ठरलं ते असं.

पहिलं, ढापे. आम्ही ग्रामपंचायतीला आणि बंधारा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना एप्रिलमध्येच लेखी अर्ज दिला. गावातल्या गड्यांना माशाचं पटलं नाही. मग आम्ही दुसरं सांगितलं, ढापे तसेच राहिले तर पूर बाजूने वाट काढतो आणि काठाचं शेत खरवडून नेतो. ते लगेच पटलं. शेत ज्याचं जाणार होतं तोच पहार घेऊन पुढे आला. मे संपायच्या आत ढापे बाहेर.

दुसरं, पहिल्या मोठ्या पुरानंतर आठ दिवस ओढ्यात कुणी आडवं जाळं लावायचं नाही. त्यानंतर धरा, पण निम्मा प्रवाह मोकळा सोडून.

तिसरं, त्या आठ दिवसांसाठी गटातून आक्कांना बिनव्याजी उचल. शाळेच्या वह्यांपुरती. ती त्यांनी दिवाळीपर्यंत फेडायची.

दोन पावसाळे झाले. नदी माशांनी भरून गेली असं मी सांगणार नाही. पण पहिल्या वर्षी श्रावणात आम्ही भाताची बेणणी करत होतो, तर पायाशी सुईएवढी पिल्लं पळताना दिसली. बऱ्याच वर्षांनी. आक्कांनी उचल फेडली. अजून त्या मला टोमणा मारतात, “काय गं, तुझ्या माहेरवाशिणी आल्या का?” पण ते आठ दिवस त्याही पाळतात.

आपल्या मातीत हे नवीन नाही बरं. रायगड जिल्ह्यात महाडकडे काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. काठावर वरदायिनी देवी. तिथले मासे देवीचे, म्हणून कुणी धरत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि मोठाले मासे वर येतात. आपल्याकडेही गावोगावी असा एखादा डोह असेल जिथे जुनी माणसं जाळं टाकत नव्हती. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. उन्हाळ्यात मासा तग धरतो तो डोहातच. डोह राखला तर चढायला मासा उरेल.

आणि एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. ब्लीचिंग पावडर टाकून, सुरुंग लावून मासे मारू नका, कुणी मारत असेल तर गप्प बसू नका. त्याला इंग्रजांच्या काळातल्या १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. आणि कायदा राहू द्या, त्याच ओढ्याचं पाणी आपली गुरं पितात.

तर आज संध्याकाळी एवढं करा. गटातल्या दोघी-तिघी मिळून तुमच्या गावच्या केटीवर जा. ढापे निघालेत का बघा. निघाले नसतील तर उद्याच ग्रामपंचायतीत विचारा, अजून आठ दिवस हातात आहेत. नवा बंधारा व्हायचा असेल तर ग्रामसभेत उठून विचारा, खालच्या बाजूला दगडांचा सावकाश उतार करता येईल का? सरळ भिंतीवरून पाणी पडलं तर मासा खालीच राहतो, दगडांच्या उतारावरून पडलं तर तो टप्प्याटप्प्याने चढतो. तोच गरिबाचा जिना.

माझा नातू आता तीन वर्षांचा होईल. यंदा पावसाळ्यात लेक त्याला घेऊन येणार आहे, पहिल्यांदा. तिने काचेतून मासा पाहिला. तिच्या मुलाला मला तो आमच्या खाचराच्या बांधावर दाखवायचाय.

तुमच्या ओढ्याला कोणते मासे चढायचे, आता कोणते चढतात, त्यांना तुमच्याकडे काय म्हणतात, ते आम्हाला फोन करून सांगा. पुढच्या वेळी ती नावं आपण रेडिओवर वाचू.

येते. नमस्कार.